‘किती वेळा सांगायचं तुला?’ : बक्षीस, शिक्षा आणि एक दोनशे पानी वही

संध्याकाळी सातची वेळ. शाळेतून सुटून, कुर्ल्याला गाडी बदलून, चुनाभट्टीच्या आमच्या वाण्याकडे उभी होते. हातात तूरडाळ, खांद्याला तपासायच्या वह्यांची पिशवी, बाजूला पाच वर्षांचा माझा लेक. त्यानं काउंटरवरच्या बरणीकडे बोट दाखवलं. "आई, ते." मी म्हटलं, "नाही, आता जेवायचंय." मग आवाज चढला. दुसऱ्यांदा नाही म्हटल्यावर तो खालीच बसला. तिसऱ्यांदा नाही म्हणेपर्यंत मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती. वाणी म्हणाला, "देऊन टाका हो वहिनी, दहाचंच तर आहे." दिलं. नळ बंद करावा तसं रडणं थांबलं.

त्या तीन मिनिटांत दोघं जण धडा शिकले. लेक शिकला की 'नाही' तीन वेळा ऐकायचं असतं, चौथ्यांदा चॉकलेट मिळतं. आणि मी शिकले की दहा रुपये मोजले की चारचौघांतली शोभा थांबते. त्याला हवं ते मिळालं, माझ्यापुढचं नकोसं टळलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनीही तेच केलं, फक्त मी जरा लवकर दिलं.

गंमत अशी की डी.एड.ला मी हे सगळं पाठ केलं होतं. साधक अभिसंधान (म्हणजे परिणामावरून वागणं शिकणं), धन प्रबलन, ऋण प्रबलन, सहा गुणांचा प्रश्न. पेपरात लिहिलं आणि विसरले. वाण्याच्या दुकानातल्या त्या आठवड्यानंतर मात्र एक वही घातली. पुढे जे लिहिते आहे ते त्या वहीवरून.

आधी चार घरं समजून घ्या

१८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं भुकेल्या मांजरांना खटकी असलेल्या पेट्यांत कोंडलं. बाहेर खाणं दिसतंय, आत मांजर ओरबाडतंय, धडपडतंय. केव्हातरी चुकून पंजा खटकीवर पडतो, दार उघडतं. पुन्हा कोंडलं की थोडा कमी वेळ लागतो. मांजराला एकदम साक्षात्कार होत नव्हता. ज्या हालचालीनंतर दार उघडलं ती हालचाल हळूहळू टिकली, बाकीच्या गळून गेल्या. पुढे बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरं घेऊन याचं पूर्ण शास्त्र मांडलं. १९३८ सालचा त्यांचा ग्रंथ त्याचा पाया मानतात.

आपल्यापुरतं एवढंच धरायचं: वागण्यानंतर लगेच काय झालं, यावर ते वागणं पुन्हा होणार की नाही हे ठरतं. इथं 'धन' आणि 'ऋण' म्हणजे चांगलं आणि वाईट असं समजू नका, निम्मी गफलत तिथंच होते. गणितातलं अधिक-उणे धरा. धन म्हणजे काहीतरी आलं, ऋण म्हणजे काहीतरी गेलं. वागणं वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. दोन्हीत धन आणि ऋण, अशी मिळून चार घरं.

मुलानं पाण्याच्या बाटल्या भरल्या, आजीनं पाठीवरून हात फिरवला, दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा भरल्या: काहीतरी आलं, वागणं वाढलं. गाडीत पट्टा लावेपर्यंत टूं-टूं वाजत राहतं, पट्टा लावला की थांबतं, म्हणून आपण लावतो: नकोसं गेलं, वागणं वाढलं. हे ऋण प्रबलन, आणि याला शिक्षा म्हणणारे शिक्षकसुद्धा मी पाहिलेत. उरलेली दोन घरं शिक्षेची. उलट बोलल्यावर ओरडा बसला, हे आलं. बॅट दोन दिवस कपाटात गेली, हे गेलं.

आता एक गोम. घर कुठलं ते आपल्या हेतूवरून ठरत नाही, परिणामावरून ठरतं. वर्गात बडबडणाऱ्या मुलाला मी रोज उभं करायची. माझ्या मते ती शिक्षा. त्याच्या मते? चाळीस पोरं आपल्याकडे बघतायत, मागचे दोघे हसतायत. बडबड महिनाभर वाढतच गेली. म्हणजे मी शिक्षा करत नव्हते, बक्षीस वाटत होते.

पहिली पायरी: फोटो काढता येईल असं वागणं निवडा

"आळशी आहे", "बेशिस्त आहे", "घरात लक्षच नसतं" यातलं काहीच वहीत लिहिता येत नाही, कारण मोजता येत नाही. "अंघोळीनंतर ओला टॉवेल गादीवर टाकतो" हे लिहिता येतं. आठवड्यात सात संधी, त्यातल्या किती वेळा टाकला, एवढंच मोजायचं. (हो, हे उदाहरण नवऱ्याचं आहे. मुलांवरच प्रयोग करायचे असं कुठं लिहिलंय?) एका वेळी एकच वागणं घ्या. मी पहिल्या आठवड्यात पाच घेतली होती आणि गुरुवारी वही सापडेना.

दुसरी पायरी: आठवडाभर काहीही बदलू नका, फक्त लिहा

पानावर तीन रकाने आखा: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर लगेच काय झालं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो भरताना आपलं स्वतःचं वागणं लिहावं लागतं, म्हणून तोच सगळ्यात नकोसा वाटतो.

माझ्या वहीतलं लेकीचं एक पान देते. ती तेव्हा तिसरीत होती. सोमवार, आधी: गणिताची चाचणी. काय केलं: "पोटात दुखतंय." नंतर: शाळा बुडाली, आजीकडे मऊ भात, टीव्ही. गुरुवारी पुन्हा चाचणी, पुन्हा पोट, पुन्हा मऊ भात. तोवर आमच्या घरात चर्चा चालायची ती बाहेरच्या पाणीपुरीची. डॉक्टरांना आधी दाखवलं, ते दाखवायचंच. दुखणं खोटं आहे असं घरबसल्या ठरवायचं नाही. त्यांनी काही नाही म्हटल्यावर वहीनं दोन गोष्टी दाखवल्या. पोट चाचणीच्याच दिवशी दुखत होतं आणि दुखल्यानंतर चाचणी टळत होती. आम्ही दोन बदल केले. पोट दुखलं तर विश्रांती, पण टीव्ही नाही, आणि चाचणी दुसऱ्या दिवशी घरी सोडवायची, मी शेजारी बसून. भागाकार तिला येत नव्हता हेही त्या शेजारी बसण्यातच कळलं. टीव्ही काढून घेण्यापेक्षा त्या भागाकारानंच पोट जास्त बरं झालं, असं मला आजही वाटतं.

तिसरी पायरी: नकोसं जे करतो त्याऐवजी काय हवं, ते ठरवा

"ओरडू नकोस" ही सूचना अपुरी आहे. मग करू काय? दुकानात लेकाला मी काम दिलं. यादीतली एक वस्तू त्यानं मागायची, पैसे त्यानं द्यायचे, सुट्टे त्यानं मोजून घ्यायचे. सुट्टे मोजणारा हात एकाच वेळी जमिनीवर आपटता येत नाही.

हवं असलेलं वागणं मोठं असेल तर तुकडे करा. शास्त्रात याला 'आकार देणं' म्हणतात. स्वतःचा बिछाना आवरणं हे ध्येय असेल तर पहिले चार दिवस फक्त उशी जागेवर ठेवली तरी "उशी ठेवलीस, छान" म्हणायचं. मग उशी आणि पांघरूण. पुढच्या तुकड्यावर गेलो की मागच्यासाठी वेगळं कौतुक बंद. मागचा तुकडा डगमगला तर एक पाऊल मागे यायचं, त्यात कमीपणा नाही.

चौथी पायरी: बक्षीस कोणतं, केव्हा, किती

लगेच. हे एकच लक्षात राहिलं तरी पुष्कळ. "वार्षिक परीक्षेत पहिला आलास तर सायकल" हे जूनमध्ये सांगितलं तर मधल्या दहा महिन्यांतल्या एकाही संध्याकाळला त्या सायकलचा वारा लागत नाही. त्यापेक्षा आज पाढा म्हटल्यावर आज खाली दहा मिनिटं क्रिकेट.

बक्षीस विकत आणावं लागतं असंही नाही. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलं की जे काम माणूस आपणहून हौसेनं करतो, ते कमी हौसेच्या कामानंतर ठेवलं की ते कमी हौसेचं काम वाढतं. आमच्या सासूबाईंनी प्रेमॅकचं नाव ऐकलेलं नाही, पण "आधी पोळीभाजी, मग आमरस" हे त्या माझ्या लग्नाच्याही आधीपासून म्हणतायत. क्रम मात्र कधी उलटा करायचा नाही. "आत्ता मोबाइल घे, पण नंतर अभ्यास कर हं" यात अभ्यासाच्या पुढे काहीच उरत नाही.

कौतुक नेमकं हवं. "गुणी बाळ गं माझं" यातून काय पुन्हा करायचं ते कळत नाही. "डबा धुऊन उपडा घातलास, सकाळी मला घाई झाली नाही" यातून कळतं.

सुरुवातीला प्रत्येक वेळी द्या. सवय बसली की दोनदा, तीनदा केल्यावर, मग कधीतरी. नवं वागणं नेमानं मिळणाऱ्या बक्षिसानं लवकर रुजतं, आणि अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसानं जास्त दिवस टिकतं. हा नियम आपल्या बाजूनं असतो तसा विरुद्धही. गिरणगावात मटक्यापायी पगार फुंकणारी माणसं आपल्या मागच्या पिढीनं पाहिली. आकडा रोज लागला असता तर न लागायला लागल्यावर ती चार दिवसांत उठून गेली असती. कधीतरी लागायचा, म्हणूनच उठवत नव्हतं. मोबाइल दर पाच मिनिटांनी काढून बघणारे आपण त्यांच्याहून फार शहाणे नाही. आणि दुकानात पाचातून एकदा चॉकलेट देणारी आई नकळत तेच करत असते.

इथं माझी एक चूक सांगते. लेकीनं वाचावं म्हणून मी पुस्तकामागे दहा रुपये लावले. पंधरवड्यात तिनं अकरा पुस्तकं संपवली. मी शाळेतल्या बाईंना कौतुकानं सांगितलंसुद्धा. मग लक्षात आलं की सगळी मोठ्या टायपाची, सोळा पानी, निम्मी चित्रं. पैसे थांबवले तर पुस्तकंही थांबली, आणि आधी जी ती आपणहून वाचायची तीही बाजूला पडली. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग याच जातीचा होता. स्केचपेननं रंगवायची ज्यांना मुळातच आवड होती अशा काही मुलांना "चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र" असं आधी कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात ती मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक मिळालं होतं, त्यांचं असं झालं नाही. तेव्हा जे मूल हौसेनं करतंय त्याला भाव लावू नका. भाव लावायचाच तर पाढ्यांना लावा.

पाचवी पायरी: देणं थांबवाल तेव्हा भडका उडेल

नकोशा वागण्याला मिळणारं फळ बंद केलं की ते वागणं विझतं. पण विझण्याआधी ते पुष्कळदा जोरात भडकतं. लिफ्ट येत नाही म्हटल्यावर आपण काय करतो? बटण सोडून देत नाही, आधी दहा वेळा दाबतो.

आमच्या खिडकीतल्या कबुतरांचंच बघा. सासरे रोज सकाळी कट्ट्यावर मूठभर ज्वारी टाकायचे. त्यांच्या खोकल्यामुळे डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितलं. पहिल्या तीन दिवसांत कबुतरं कमी व्हायच्या ऐवजी वाढली असं वाटावं इतका गोंधळ: काचेवर टोचा, ग्रिलवर फडफड. चौथ्या दिवशी सासऱ्यांना राहवलं नाही आणि "आज शेवटचं" म्हणत त्यांनी मूठ टाकली. झालं. आता कबुतरं शिकली की तीन दिवस टोचलं की मिळतं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि या खेपेला दोन आठवडे लागले. त्यातही वरच्या मजल्यावरच्या आजी गुपचूप दाणे टाकत होत्या हे आम्हाला फार उशिरा कळलं.

म्हणून थांबवण्याआधी घरच्या सगळ्यांशी बोला. आजी, आजोबा, मामा, वाणीसुद्धा. मी वाण्याला आधी जाऊन सांगितलं, "उद्यापासून हा रडला तर तुम्ही मध्ये पडायचं नाही, काका." पहिल्या दिवशी अकरा मिनिटं, दुसऱ्या दिवशी सतरा (हाच तो भडका), तिसऱ्या दिवशी सहा, पुढल्या सोमवारी नुसतं तोंड वाकडं. त्या सतरा मिनिटांत मी हरले असते तर इथवरचं सगळं पाण्यात गेलं असतं. तेवढा दम नसेल त्या दिवशी मुलाला दुकानात नेऊच नका. डाळ उद्या आणली तरी चालते.

एक अपवाद. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर दुर्लक्ष हा उपाय नाही. तिथं आधी थांबवायचं आणि बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं.

सहावी पायरी: शिक्षा करायचीच असेल तर

शिक्षेनं वागणं थांबतं, हे खरं आहे. काय करावं ते मात्र ती शिकवत नाही. लोकलमधलंच घ्या. विनातिकीट सापडलं तर भाडं आणि वर बरीच वर्षं किमान अडीचशे रुपये दंड आहे. त्यानं बरेच जण तिकीट काढायला शिकतात, आणि काही जण काळा कोट लांबून ओळखायला शिकतात. जिन्याच्या टोकाला टीसी दिसला की अर्ध्यातून वळणारी माणसं दादरला रोज दिसतील. घरात तो काळा कोट म्हणजे आपण. मारानं मूल खोटं बोलायला, लपवायला आणि आपल्यापासून लांब राहायला शिकतं. शाळेत तर शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदच केला आहे. घरातही हात उचलू नका. एवढ्या वर्षांत वर्गात किंवा घरात मारानं कायमचं सुधारलेलं एकही मूल मी पाहिलेलं नाही.

दंडाचं आणखी एक दुखणं आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत नीझी आणि रुस्टिचिनी यांनी केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला दहा मिनिटांहून उशीर झाला तर दहा शेकेल दंड, असा नियम सहा पाळणाघरांत लावला. उशिरा येणारे पालक घटायच्या ऐवजी वाढले. आधी ताईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता पैसे दिले की फिटलं. नंतर दंड काढून घेतला तरी उशीर कमी झाला नाही. आमच्या सोसायटीत ओला-सुका कचरा एकत्र टाकल्यास पन्नास रुपये लावले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्यांनी सेक्रेटरींच्या हातात पाचशेची नोट ठेवली, "दहा वेळचे घेऊन ठेवा." अजून हसू येतं. पुढे दंड रद्द झाला आणि कचरा नेणाऱ्या ताईंनी प्रत्येक दारात दोन मिनिटं थांबून डबे बघायला सुरुवात केली. बरोबर असेल तर "बरोबर हाय", नसेल तर डबा तिथंच. पन्नास रुपयांपेक्षा ते "बरोबर हाय" जास्त चाललं.

नीट बेतलेली शिक्षा कशी असते त्याचा नमुना मुंबईच्या रस्त्यावरच एकदा दिसला. २०२० च्या जानेवारीअखेर मुंबई पोलिसांनी एक व्हिडिओ प्रसिद्ध केला. काही सिग्नलना आवाज मोजणारी यंत्रं जोडली होती. लाल दिव्यावर हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. वाजवा आणि थांबा.

यात काय बरोबर आहे ते बघा. शिक्षा त्याच क्षणी होते, आठवड्यानंतर चलानातून नाही. दर वेळी होते, हवालदार बघत असो वा नसो. यंत्र चिडत नाही, अपमान करत नाही, आणि शिक्षा गुन्ह्याच्याच जातीची आहे: घाई केलीत, वेळ गेला. शिवाय ती नेमक्या मुळावर बसते. १९४८ साली स्किनरनं कबुतरांना, ती काहीही करत असोत, ठरावीक वेळानं दाणे दिले. एक कबुतर गोल फिरत असताना दाणा आला, तर ते फिरतच राहिलं. जणू फिरण्यामुळेच दाणा येतो. लाल दिव्यावर हॉर्न वाजवणाऱ्याचं असंच आहे. वाजवत राहिलं की केव्हातरी हिरवा होतोच, आणि हॉर्न 'लागू पडतो'. खोट मात्र एक आहे. मागचा वाजवतो आणि पुढे गप्प उभा असलेला रिक्षावालाही थांबतो. म्हणून सगळ्या वर्गाला एकाच्या बडबडीपायी सुट्टीत बसवून ठेवू नका. मी ठेवलंय, आणि त्या दिवशी सगळा वर्ग त्या मुलावर नाही, माझ्यावर चिडला होता.

घरी वापरायचं असेल तर असं: नियम आधी सांगितलेला, शिक्षा छोटी, लगेच, दर वेळी, आणि सांगताना आवाज साधा. भिंतीवर चेंडू आपटला, चेंडू आज कपाटात, उद्या सकाळी परत. महिनाभर बॅटच बंद असं रागाच्या भरात बोललात तर तिसऱ्या दिवशी तुम्हीच विरघळणार. आणि शिक्षेच्या शेजारी तिसऱ्या पायरीतलं 'त्याऐवजी काय' हवंच.

सातवी पायरी: मोजा, आणि स्वतःचाही रकाना वाचा

तीन आठवड्यांनी पहिल्या आठवड्याचं पान काढून आकडा शेजारी लिहा. आकडा हलला नसेल तर बहुधा तुम्ही देताय ते त्याला बक्षीस वाटत नाही, नाहीतर दुसरीकडून कुणीतरी जुनं फळ देतंय. मूल हट्टी आहे हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी.

टॉवेलचं सांगायचं राहिलं. पहिल्या आठवड्यात सातातून सहा. तिसऱ्या रकान्यात सहाही दिवशी एकच नोंद: "मी बडबडले, मग मीच उचलून वाळत घातला." माझ्या बडबडीची त्याला सवय होती, टॉवेल मात्र आपोआप दोरीवर जात होता. मी उचलणं थांबवलं. ओला टॉवेल त्याच्याच बाजूच्या गादीवर तसाच. दोरीवर दिसला त्या दिवशी चहा देताना म्हटलं, "गादी कोरडी आहे आज, बरं वाटलं." चौथ्या आठवड्यात आकडा दोनवर आला आणि तिथंच अडला. ते दोन दिवस कोणते म्हणून पहिला रकाना वाचला: मंगळवार आणि शुक्रवार. त्या दिवशी सासूबाईंचं नऊवारी वाळत असतं आणि दोरीवर बोटभर जागा नसते. रविवारी न्हाणीघराच्या दारामागे एक खिळा ठोकला.